परत न आलेला ब्रश

माझ्या पत्नीच्या पलंगाजवळ खिळ्याला एक शिट्टी टांगलेली आहे. ती मी दिलेली नाही. एकतीस वर्षे मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. माझ्याजवळ नऊ शिट्ट्या होत्या. त्यांपैकी एकीलाही तिने कधी हात लावला नाही. ही शिट्टी तिला आमच्या कारखान्याच्या स्टोअरकीपरने दिली. मेलेली माणसे उठून चालू लागली, तर वाजवण्यासाठी.

हे वाक्य मी पूर्ण विचारांती लिहिले आहे. ज्या माणसाविषयी मला लिहायचे आहे, त्याची ओळख दुसऱ्या वाक्याने होणार नाही.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. तेथे आम्ही दोघे नोकरीला होतो. माझ्या टेबलावर काच होती. तो स्टोअरच्या जाळीमागे, लाकडी स्टुलावर बसे. उंची बेताची, आवाज बेताचा, डावा कान अर्धा. कानाचे कारण पुढे येईल. अधिकारी आणि स्टोअरकीपर यांच्यात जेवढे बोलणे व्हावे, तेवढेच आमच्यात होई. निवृत्त झाल्यावर हा माणूस माझ्या आयुष्यातून जाईल, असे मी गृहीत धरले होते.

निवृत्तीनंतर तो नागपूरला लागून असलेल्या वाडीला, मालाच्या गोदामांच्या मागे, भाड्याच्या एका खोलीत एकटा राहू लागला. पत्नी आधीच वारली होती. कोणीतरी त्याला मोबाइलवर झॉम्बींची मालिका दाखवली. हिंदीत भाषांतर केलेली. त्याने ती दोनदा पाहिली आणि दुसऱ्या खेपेस वहीत टिपणे काढली. मग तो मला बसथांब्यावर भेटला.

"साहेब, आगीची तयारी हाय, पुराची हाय, विंचवाची हाय. पण मुडदे उठले त काय करायचं, ह्याची कोणाजवयच तयारी नाही."

"मुडदे उठत नसतात," मी म्हणालो.

"आगही रोज लागत नाही, साहेब."

पुढच्याच रविवारी सकाळी सात वाजता त्याने सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी, बागेतल्या सिमेंटच्या बाकांवर वर्ग सुरू केला. माझे घर तेथून दोनशे पावलांवर आहे. नागपुरात इतक्या बागा असताना त्याने मुद्दाम माझ्या दारासमोरची निवडली, असा मला बरेच दिवस संशय होता. खरे कारण साधे होते. जेथे तळे आहे, तेथे पाण्याची चिंता नाही. वाडीहून तो दोन बस बदलून येई.

पहिल्या रविवारी तीन माणसे होती. पावसाळा संपेपर्यंत चाळीस झाली.

आता माझी बाजू सांगतो. मी एकतीस वर्षे दर महिन्याला सुरक्षेवर भाषण दिले. तक्ते दाखवले, आकडे दिले, आग विझवण्याची नळकांडी स्वतः चालवून दाखवली. ऐकणारे पगारी होते आणि त्यांना बसणे भाग होते, तरी ते डुलक्या घेत. एक जण घोरला होता. त्याला मी ताकीद दिली. आणि हा मनुष्य, जो दहावीच्या पुढे गेला नाही, जो आयुष्यभर नट आणि बोल्ट देत-घेत राहिला, तो अस्तित्वातच नसलेल्या संकटावर बोलतो आणि चाळीस माणसे आपापल्या चटया घेऊन सकाळी येतात. त्यांत एक निवृत्त परिचारिका होती, कूलर दुरुस्त करणारा एक तरुण होता, फार्मसीचा एक विद्यार्थी होता. आणि माझी पत्नी होती.

ती मराठीची शिक्षिका होती. चुकीचा शब्द तिला सहन होत नाही. मी जे काही लिहितो, ते आधी ती तपासते. पेन्सिल घेऊन, ओठ मिटून. माझी सुरक्षेची भाषणेही तिने तपासली, पण ऐकायला ती एकदाही आली नाही. "वाचलं आहे ना मी," असे म्हणे. या वर्गाला ती बूट घालून जाई. आयुष्यभर चपला वापरलेल्या बाईने पासष्टाव्या वर्षी बूट घेतले, कारण त्याने सांगितले होते की चपलेने पळता येत नाही.

मीही जाऊ लागलो. मागच्या बाकावर, वर्तमानपत्र घेऊन. एका रविवारी ती चार वेळा हसली. मी मोजले.

त्याचे बोलणे कसे होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तो उभा राहत नसे. बाकाच्या टोकावर बसून, हातातल्या काडीने जमिनीवर रेघा ओढत बोले.

"मुडद्याले घाई नसते. म्हणून आपणही घाई करायची नाही. जो पडला तो गेला."

"मे महिन्यात भ्यायचं काम नाही. दुपारी बाराले बर्डीच्या बाजारात जिता माणूस चालत नाही, मुडदा काय चालते? खरा धोका दिवाळीनंतर. म्हणून हिवाळ्यात कूलर माळ्यावर टाकू नका. टाकी भरून ठेवा. वास मारंन, पण पाणी हाय ते."

"सांडगे, कुरडया, वड्या, पापड. आपल्या बायांनं दर उन्हाळ्यात सारी तयारी करूनच ठेवली हाय. कशासाठी, ते तेवढं त्याहिले कोणी सांगतलं नाही."

यावर बायका हसल्या. पत्नीचे त्या दिवशीचे तिसरे हसू हेच होते.

कूलरवाल्या तरुणाने विचारले, "काका, घरी तलवार ठेवू काय?"

"ठेव ना गा. पण मुडदे नाही आले, त ते कोणावर चालवशील, तेही सांगून ठेव."

त्यानंतर शस्त्रांचा विषय कोणी काढला नाही. वर्गातल्या प्रत्येकाला त्याने एक शिट्टी आणि एक लहान पान्हा जवळ ठेवायला सांगितले होते. शिट्टी हाक देण्यासाठी, पान्हा दार उघडण्यासाठी.

धड्याच्या शेवटी तो एक प्रश्न टाके आणि उत्तर देत नसे. असा एक प्रश्न मला आठवतो. "तुमच्या भावाले चावलं. तो मुडदा होणार, हे नक्की. पण अजून दोन तास तो तुमचा भाऊच हाय. हे दोन तास कसे घालवसान?"

विद्यार्थी म्हणाला की त्याला बांधून ठेवावे. कूलरवाला म्हणाला की वेळ न घालवता संपवावे. परिचारिका म्हणाली की झोपेचे इंजेक्शन द्यावे. तो सगळ्यांचे ऐकत राहिला.

"मी मारायचं कुठं विचारलं गा?" तो म्हणाला. "मी विचारलं, दोन तास काय करायचं. त्याले भूक लागली असंन. त्याले भेव लागून राहिलं असंन."

परिचारिका डोळ्यांना पदर लावून बसली. माझ्या भाषणात कोणी कधी रडले नाही. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठून घरी आलो. पत्नी तासाभराने आली. तिचेही डोळे लाल होते. चहा मीच केला.

मत्सर हा शब्द मला ठाऊक आहे. येथे तोच लागू होतो. दुसरा शोधण्याचे कारण नाही.

परंतु त्या मागच्या बाकावर मला बसवणारी आणखी एक गोष्ट होती. त्याला माझ्याविषयी काही माहीत होते, जे माझ्या पत्नीला माहीत नव्हते. दर रविवारी मी जात होतो, तो त्याच्या तोंडून ते बाहेर पडते की काय, हे पाहायला. तो वर्ग तीन वर्षे चालला. तीन वर्षे मी पाहत होतो.

त्याची एक सवय आधी सांगितली पाहिजे. तो कोठेही गेला की आजूबाजूला पाही आणि विचारी, "कोण नाही?" लग्नात, सभेत, दवाखान्यात, बागेतल्या वर्गात. कोण आले आहे, हे तो कधी विचारत नसे. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात पंगती उठल्यावर सगळे पान खात होते. हा मांडवाच्या मागे गेला आणि भांडी घासणाऱ्या दोन बायकांना जेवायला बसवून आला. कोणी सांगितले नव्हते. ही त्याची स्टोअरची शिस्त होती. तो म्हणे, "फळीवर जे हाय ते दिसतेच, साहेब. ते पाहायले माणूस कशाले पाहिजे? जे तिथं असायले पाहिजे होतं अन् नाही, ते पाहायसाठी मले पगार हाय."

माझी शिस्त वेगळी होती. हजेरीपट घ्यावा, नावे वाचावीत, माणसे मोजावीत. दोन्ही आकडे जुळले की काम संपले.

कानाची हकिकत अशी.

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. कागदाच्या रिळांच्या गोदामात आग लागली. भोंगा झाला. माणसे मी शिकवल्याप्रमाणे रांगेने बाहेर आली आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जमली. मी हजेरीपट वाचला. चौऱ्याऐंशी नावे, चौऱ्याऐंशी माणसे. एवढी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. मला समाधान वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. मोजणी पूर्ण झाल्यावर गोदामाचे सरकते लोखंडी दार बंद करायचे, असा नियम होता. हवा तुटते, आग दबते. नियम मीच लिहिला होता. दार मी माझ्या हातांनी ढकलले, कडी घातली आणि कडुनिंबाखाली परत आलो.

तेव्हा तो स्टोअरची वही उघडी धरून माझ्याजवळ आला.

"साहेब, लाल रंगाचा डबा अन् दोन इंची ब्रश परत नाही आला."

"गोदाम जळत आहे आणि तुम्हाला ब्रश हवा आहे?"

माणसे हसली. भ्यालेली माणसे लवकर हसतात.

"तसं नाही, साहेब. सकाळी रंगाऱ्यानं नेला होता. तो जेवायले जातानाही ब्रश जमा करून जाते. आज केला नाही."

"मोजणी बरोबर आहे."

"हो, मोजणी त बरोबरच हाय," तो म्हणाला आणि वही मिटून उभा राहिला.

रंगारी ठेकेदाराचा माणूस होता. ठेकेदाराची माणसे आमच्या हजेरीपटावर नसत. त्यांची नावे फाटकावरच्या वेगळ्या वहीत असत, आणि आग लागल्यावर ती वही आणायची, असे मी कोठेही लिहिलेले नव्हते. त्या रंगाऱ्याला दोन दिवसांपूर्वी मीच बोलावले होते. गोदामाच्या आतल्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत 'सुरक्षा प्रथम' असे लिहून घ्यायचे होते. त्यातला पहिला शब्द लिहून झाला होता.

सुमारे पाच मिनिटांनी स्टोअरकीपर कडुनिंबाखाली दिसेनासा झाला. तो गोदामाच्या मागे गेला होता. मागच्या खिडकीची जाळी त्याने पान्ह्याने उचकटली आणि रंगाऱ्याला ओढून बाहेर काढले. रंगारी वाचला. त्याचा उजवा हात पुन्हा ब्रश धरण्याजोगा झाला नाही. स्टोअरकीपरचा डावा कान अर्धा गेला.

तिसऱ्या दिवशी मी त्याला मेमो दिला. बंद केलेल्या जागेत विनापरवानगी प्रवेश आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या आदेशाचा भंग. कानाला पट्टी होती. त्याने मेमो दोनदा वाचला, सही केली आणि विचारले, "साहेब, ब्रश जयून गेला. त्याची नोंद काय करू?"

अहवालात मी लिहिले: सर्व कामगार सुरक्षित बाहेर, एका कंत्राटी मजुरास किरकोळ इजा. त्या वर्षी कारखान्याने मला पितळी मानपत्र दिले. 'शून्य जीवितहानी' असे त्यावर कोरलेले आहे. ते आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. पत्नी दर आठवड्याला ते पुसते. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला एवढेच सांगितले होते की सगळे बाहेर आले.

स्टोअरकीपरने हा विषय कारखान्यात कधी काढला नाही. काढला असता, तर मी उत्तर दिले असते. उत्तर तयार होते.

आता तो रविवार. थंडी होती. तळ्यावर धुके होते. वर्ग भरलेला होता. त्याने काडीने जमिनीवर एक चौकोन काढला.

"मुडदे गल्लीत आले. तुम्ही आत हाय. चौऱ्याऐंशी जण."

मी वर्तमानपत्र खाली घेतले. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"नावं वाचली, माणसं मोजली. मोजणी बरोबर. दार लावलं, कडी घातली. अन् मंग दारावर थाप पडते. जित्याची हाय का मुडद्याची, मालूम नाही. उघडसान काय?"

"नाव विचारायचं," परिचारिका म्हणाली. "मुडदा थोडीच नाव सांगते."

"धुरानं, धावून, भेवानं ज्याचा आवाजच बसला, त्याचं काय सिस्टर?"

"एकासाठी चौऱ्याऐंशी जणांचा जीव नाही घालू शकत, काका," विद्यार्थी म्हणाला. "सिंपल आहे."

"तू बाहेर असता त सिंपल राहिलं असतं काय गा?" कूलरवाल्याने त्याला टोकले. वर्ग हसला.

तीन वर्षांत मी त्या वर्गात तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी उघडले. शांत राहणे मला अधिक धोक्याचे वाटले.

"मोजणी बरोबर असेल, तर दार उघडू नये," मी म्हणालो. "नियम शांत वेळी केलेला असतो. संकटात केलेल्या विचारापेक्षा तो शहाणा असतो."

"साहेबाचं बरोबर हाय," तो म्हणाला. "नियम तसाच हाय."

एवढ्यावर ते संपले असते. परंतु माझी पत्नी बोलली. वर्गात प्रश्न विचारणाऱ्यांची तिला सवय होती. ती स्वतः सहसा विचारत नसे.

"हे उदाहरण तुम्ही मनानं रचलेलं नाही," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी असा आकडा कोणी रचत नाही. शंभर म्हणाला असतात, पन्नास म्हणाला असतात. हे कुठं झालं होतं?"

तो काडीने चौकोनाची एक बाजू पुसत होता.

"झालं होतं, बाई. आमच्या कारखान्यात. मुडदे नव्हते, आग होती. एक माणूस आत राहून गेला होता."

"आणि दार कोणी लावलं होतं?"

मी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतले.

"मीच लावलं होतं," तो म्हणाला. "ब्रश परत नाही आला, हे मले मागून ध्यानात आलं. म्हणून हे विचारून राहिलो सगळ्याइले. माह्या हातून झालं ते तुमच्या हातून नाही झालं पाहिजे."

परिचारिकेने त्याच्या कानाकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. मी दारापुढे उभा होतो, कडी माझ्या हातात होती, हे सांगण्याला तेवढा वेळ पुरेसा होता. मी ते सांगितले नाही.

घरी परतताना पत्नी बागेच्या फाटकाशी थांबली. मग म्हणाली, "भर लोकांत असं कबूल करायला छाती लागते हो."

मी चालत राहिलो.

"तुम्ही तिथंच होता ना त्या दिवशी? मग काहीच बोलला नाहीत."

"काय बोलायचे होते?"

"त्यांची बाजू घ्यायची होती. घाईत चूक झाली, माणूस तरी वाचवला, असं काहीतरी. तुमच्या हाताखालचा माणूस होता तो."

त्या दिवशी तिने मानपत्र पुसले आणि पुसता पुसता म्हणाली की हे खरे तर अशा माणसाला मिळायला हवे होते. तिने ते मला बोचावे म्हणून म्हटले नव्हते. तिच्या मनात जे आले, ते ती बोलली.

मी रात्रभर हिशेब मांडत बसलो नाही. माझी झोप चांगली आहे. पण सकाळी उठलो तो संतापलेला होतो. माझी चूक होती. ती लपवण्याचा किंवा सांगण्याचा अधिकार माझा होता. त्याने ती उचलून स्वतःच्या अंगावर घेतली, आणि तीही त्याला शोभून दिसली. माझ्या पत्नीने माझ्या अपराधाबद्दल त्याचा आदर केला.

सोमवारी मी वाडीला गेलो. मालमोटारींच्या रांगेतून वाट काढत त्याची खोली शोधली. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतभर फळ्या. प्रत्येक डब्याला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचे कार्ड बांधलेले: मीठ, काडेपेट्या, तूरडाळ, मेणबत्त्या, किती आले, किती गेले, किती उरले. स्टोअर सुटले होते, पण त्याने ते सोडले नव्हते. दाराजवळ खिळ्याला शिट्टी आणि पान्हा. तोच पान्हा असावा. मी विचारले नाही.

"बसा साहेब. चहा ठेवतो."

"चहा नको. काल तुम्ही खोटे का बोललात?"

तो स्टोव्ह पेटवत राहिला. "बाई बसल्या होत्या समोर. बाईले काय सांगू?"

"माझ्यावर उपकार करायला मी तुम्हाला सांगितले नव्हते."

"उपकार कायचा, साहेब?" त्याने भांडे ठेवले. "अन् सारंच काही खोटं नव्हतं. दार दोघाइनं लावलं होतं. तुम्ही ढकललं. अन् ब्रश नाही आला हे मालूम असून मी पाच मिनटं तुमच्याजवय उभा राहिलो. तुम्ही साहेब, म्हणून उभा राहिलो. लोकं हसले, म्हणून उभा राहिलो. त्या पाच मिनटात त्याचा हात गेला. ते पाच मिनटं त माहेच हाय ना?"

मी ज्या पाच मिनिटांचा कधी विचारही केला नव्हता, त्यांचा तो इतकी वर्षे जाब देत होता. त्या खोलीत उभे राहून मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा बागेतही वाटला नव्हता.

त्याने चहा कपात ओतला. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "साहेब, एक विचारू काय? खरं सांगसान?"

"विचारा."

"त्या दिवशी दारावर आतून थाप आली होती काय? दार लावलं तवा तुम्ही दाराजवय होता. मी कडुनिंबाजवय होतो, मले काही ऐकू नाही आलं. पण वाटत राहते, की आली असंन अन् मले ऐकू नाही आली. ऐकू आली असती त मी थांबलो नसतो. म्हणून विचारून राहिलो."

"नाही," मी म्हणालो. "कसलाही आवाज नव्हता."

"नक्की?"

"नक्की. मी दाराला लागून उभा होतो."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. त्या अर्ध्या कानाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच विश्रांती पाहिली. "मंग ठीक हाय," तो म्हणाला. "घ्या, चहा घ्या साहेब." मी घेतला. चांगला होता.

मला वाटते, मी त्याच्यासाठी केलेली ती एकच गोष्ट.

त्या हिवाळ्यातच तो गेला. छातीचा विकार होता. धुराने झालेला, असे परिचारिका म्हणाली. अंत्यविधीला वर्गातले सगळे आले. कोणी गळ्यातली शिट्टी काढली नव्हती. माझ्या पत्नीने आजूबाजूला पाहिले आणि हलकेच विचारले, "कोण नाही?" त्याची ती सवय तिला लागली होती. एक माणूस उशिरा आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. उजवा हात त्याने शालीत घेतला होता. त्याने मला ओळखले, आणि डाव्या हाताने कपाळाला स्पर्श करून नमस्कार केला. "साहेब," म्हणाला. दार कोणी लावले, हे आत असलेल्या माणसाला दिसत नाही.

आता वर्ग बंद आहे. कूलरची टाकी मात्र आमच्याकडे भरलेली असते. ती पत्नी भरते. कधी दारावर कोणी थाप दिली, तर ती आधी उठते, आणि कोण आहे ते न विचारता दार उघडते. मी तिला अनेकदा सांगितले की आधी विचारावे. ती म्हणते, "ज्याचा आवाज बसला असेल, त्यानं काय करायचं?"

तिच्या लेखी जगात एक माणूस होता, ज्याने दार लावले आणि ते कबूल केले. त्या माणसाच्या जागी मला कोणी बसवणार नाही. ती जागा भरलेली आहे. मी आता कबूल केले, तरी दुसराच असेन, आणि उशिराचा. एवढे समजूनही हे लिहिले आहे.

कारण एक गोष्ट त्याला मिळालेली नाही. त्याने माझी चूक घेतली, माझे श्रोते घेतले, माझ्या पत्नीचा आदर घेतला, माझी पाच मिनिटेसुद्धा घेतली. परंतु जे त्याला माहीतच नव्हते, ते तो घेऊ शकला नाही. थाप आली होती. कडी घालून मी वळलो, तेव्हा आली. एकदा, मग थोड्या वेळाने दोनदा. लोखंडावर तळहाताची थाप कशी वाजते, हे मला कळत नव्हते असे नाही. रिळांचे पट्टे तुटत असतील, असे मी स्वतःला सांगितले. मोजणी बरोबर होती.

ती थाप फक्त माझी आहे.

नेहमीप्रमाणे शुद्धलेखनासाठी ही पाने मी एकेक करून पत्नीकडे देत आलो आहे. ती शेजारच्या खोलीत, खिडकीपाशी बसली आहे. मी शेवटचे पान लिहीत आहे. तिच्याकडे कानाची हकिकत असलेले पान गेले आहे. तिची पेन्सिल कागदावर ओढली जात असल्याचा आवाज मघापासून येत होता.

आता तो थांबला आहे.